रविवारी घर बघायला येणाऱ्यांना

अजून शेजारी न झालेल्या शेजाऱ्यांनो,

दर रविवारी साडेदहा-अकराच्या सुमाराला बदलापूर स्टेशनबाहेर एक पांढरी गाडी उभी असते. कधी दोन असतात. काचेवर कुठल्यातरी 'हाइट्स'चा नाहीतर 'रेसिडेन्सी'चा कागद चिकटवलेला. तुम्ही लोकलमधून उतरता. एकाच्या हातात पाण्याची बाटली, एकीच्या कडेवर पोर, आणि मागून सावकाश जिना उतरणारं एक वडीलधारं माणूस, बहुतेक सासूबाई. इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा "सर, इकडून" करत पुढे येतो, गाडीचं दार उघडतो, आत एसी सुरू असतो. मी तेव्हा भाजीला निघालेली असते. तुम्हाला थांबवून दोन गोष्टी सांगाव्यात असं दर वेळी वाटतं, आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. म्हणून हे पत्र.

घर घेऊ नका असं सांगायला मी बसलेले नाही. मी स्वतः १९९७ मध्ये अशीच आले होते. तेव्हा एसी गाडी नव्हती, एजंटच्या स्कूटरवर नवरा आणि मागून रिक्षात मी. लालबागच्या खोलीत आम्ही सात माणसं. सासऱ्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, धाकट्या दिरांचं लग्न ठरलेलं, आणि कुणीतरी बाहेर पडणं भाग होतं. आम्ही पडलो. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बदलापूर? म्हणजे पुण्याकडेच की गं." तिचं फार चुकलं नव्हतं.

तुम्ही रविवारी येता, इथेच पहिली गोम आहे. रविवारी मेगाब्लॉक असला तरी या बाजूला बसायला जागा मिळते. सासूबाई म्हणतात, "लांब आहे, पण गर्दी नाही हो." एकदा मंगळवारी सकाळी सातला या. तिकीट काढून फलाटावर नुसते उभे राहा, गाडीत चढू नका. मुंबईकडून लोकल येते, इथून ती उलटी फिरून परत जाणार असते. बदलापूरचं नाव लागलेली गाडी, म्हणजे रिकामी येईल असं तुम्हाला वाटेल. ती भरून येते. अंबरनाथचे, उल्हासनगरचे लोक आधीच उलटे बसून आलेले असतात, त्याला आम्ही 'रिटर्न' म्हणतो. यावरून भांडणं होतात, ती मी चोवीस वर्षं ऐकली आणि त्यातली काही केलीही. आता वाटतं, अंबरनाथच्या बाईनं तरी काय करावं? तिलाही कमरेचं दुखणं असतंच.

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद लोकल दीड तासाच्या आत-बाहेर पोहोचवते. वेळापत्रकातलं सोडा, घराच्या कुलपापासून ऑफिसच्या मस्टरपर्यंत धरा, मग दोन तासांखाली काही येत नाही. कल्याणच्या पुढे आपल्याला दोनच मार्गिका आहेत, आणि त्याच दोनांवर आपल्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. एक इंजिन बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये एमयूटीपी ३ए या मुंबईच्या रेल्वेविस्ताराच्या योजनेत मंजूर झाली. तुमच्या हातातल्या ब्रोशरमध्ये मात्र तिच्यावरून गाड्या केव्हाच धावायला लागल्या आहेत. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोही त्याच पानावर असते, 'प्रस्तावित' हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरात.

त्याच पानावर 'स्टेशनपासून ७ मिनिटे' असं असतं. ती रविवारच्या रस्त्यावरची, पांढऱ्या गाडीची सात मिनिटं. तुम्ही येणार आहात शेअर रिक्षाने, रात्री नऊला, रांगेतून.

डब्याबद्दल वाईटच सांगेन असं नाही. लेडीज डब्यात माझा ग्रुप होता, सहा जणी, बदलापूरच्या चार आणि अंबरनाथच्या दोन (हो, रिटर्नवाल्या, त्यांनीच आमच्या जागा धरल्या). माझी मुलगी पोटात होती तेव्हा सगळे महिने खिडकी मला मिळाली. बाळंतपणाची रजा संपवून परत आले, पहिल्या दिवशी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीपर्यंत पुन्हा उभी. नियम म्हणजे नियम. दसऱ्याला डबा सजवायचो, गाडीला हार घालायचो. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला ओटी भरून उतरवलं. त्या रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. चोवीस वर्षं, वर्षाचे सुमारे २८० दिवस, रोजचे साडेतीन तास. अडीच वर्षांहून जास्त काळ, रात्रंदिवस धरून, मी गाडीत होते.

आणि या गावात किती होते? याच प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

पहिली आठ वर्षं, खरं सांगायचं तर, मी इथे राहतच नव्हते. झोपायला येत होते. किराणा दादरहून, दागिन्यांचा सोनार लालबागचा, दातांचा डॉक्टर परळचा, मुलीचे फ्रॉक हिंदमातेहून. मतदार यादीतलं नावही तिकडेच. मतदान म्हणजे चाळीत जाऊन दिवसभर गप्पा मारायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत. इथला रस्ता खणलेला दिसला की "काय हे गाव!" म्हणायचं. जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं.

मग २६ जुलै २००५ आली. मी फोर्टच्या ऑफिसात अडकले, दोन रात्री टेबलं जोडून काढल्या. फोन लागत नव्हते. घरी नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. तिसऱ्या दिवशी कल्याणपर्यंत कशीबशी आले आणि तिथून मिळेल ते वाहन, उरलेलं चालत. आमची इमारत नदीच्या बाजूला. तळमजल्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची चिखलाची रेघ होती, मीटरच्या पेट्यांत गाळ भरलेला. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आले, दार उघडंच, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच गॅसवर एक बाई पिठलं ढवळत होती. मुलगी तिच्या पायाशी बसून भात खात होती. मी विचारलं, "आपण कोण?"

त्या म्हणाल्या, "खालची."

आठ वर्षं एका जिन्याने चढ-उतर करत होतो. त्यांचं सगळं घर पाण्यात गेलं होतं, आणि माझा नवरा तापाने फणफणलेला, म्हणून दोन दिवस त्या माझं घर चालवत होत्या. मला त्यांचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. पुढे त्यांनीच माझ्या मुलीला शाळेतून आणलं, तिच्याकडून पाढे पाठ करून घेतले, तिला शेवळं ही रानभाजी निवडायला शिकवलं. हातांना खाजतं म्हणून आधी चिंच लावायची, भाजीत काकडं ही आंबट रानफळं घालायची, हे मला मुलीकडून कळलं.

नदीचं सांगते, कारण ते तुम्हाला सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी सांगणार नाही. उल्हास राजमाचीच्या डोंगरांतून निघते, कर्जत, नेरळ करत आपल्याकडे येते. उन्हाळ्यात ती इतकी शहाणी वाटते की काठावरच्या चौपाटीवर लोक पोरांना पाय बुडवायला नेतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिच्याकडे बघायला या. इथल्या लोकांना दोन आकडे पाठ असतात, १६.५० आणि १७.५०. पहिली इशारा पातळी, दुसरी धोका पातळी, मीटरमध्ये. मोठा पाऊस लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'ची फुलं बंद होतात आणि एकच प्रश्न फिरतो, "किती?" कुणीतरी उत्तर देतं, "सोळा वीस." मग तळमजल्यावरची मंडळी फ्रिज विटांवर चढवायला लागतात, आणि पार्किंगमधल्या गाड्या निघून उड्डाणपुलाच्या कडेला जाऊन उभ्या राहतात.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. हजारावर माणसं रात्रभर डब्यात होती. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं. त्याआधी आसपासच्या गावातले लोक पोहोचले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशीची हेलिकॉप्टरमधली दृश्यं पुन्हा काढून बघा, आणि या वेळी गाडीकडे बघू नका. गाडीच्या दोन्ही बाजूंना बघा. तिथे शेतं आहेत. नदीला पाय पसरायला लागतात तेव्हा ती शेतांवर पसरते. आता तशाच जागांवर, अगदी तिथे नाही पण तशाच सखल जागांवर, तुम्हाला 'रिव्हर व्ह्यू' म्हणून घरं दाखवली जातात. व्ह्यू खरा आहे. नदीलाही तुमचं घर दिसतं.

म्हणून बुकिंगचा धनादेश फाडण्याआधी एक विचारा. ही इमारत पूररेषेच्या कुठल्या बाजूला? निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नसतं. जुन्या इमारती तिच्यात सापडल्या, तर त्या पाडून नव्या बांधतानाही हीच रेषा आडवी येते. "आमच्याकडे पाणी येत नाही हो मॅडम" हे उत्तर चालवून घेऊ नका, नकाशा मागा. आणि नकाशा दाखवला तरी खाली उतरून समोरच्या पानटपरीवाल्याला विचारा, "२०१९ ला इथे कुठपर्यंत होतं?" तो हाताने गुडघा दाखवेल, कंबर दाखवेल, नाहीतर मान हलवेल. त्या हातावर माझा नकाशाइतकाच विश्वास आहे.

पुराच्या गावात पाण्याचा टँकर येतो, हे ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही हसतो, एप्रिलपर्यंत. बारवी धरण इथून जवळ, सहलीला जाण्याइतकं. ते एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना आणि ठाण्याकडच्या मोठ्या शहरांना जातं. आपण पितो उल्हासचं, बॅरेज बंधाऱ्यावरून उचललेलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आमच्या खालच्या काकू म्हणतात. पण उल्हास तरी उन्हाळ्यात कशी वाहते, पाऊस तर संपलेला? हे मला निवृत्तीनंतर समजलं आणि मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले. घाटावर मावळात आंध्रा नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराकडे. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ते ठोकरवाडीला अडवलं आणि डोंगराखाली भिवपुरीला सोडून त्याच्यावर वीज केली. वीज करून झालेलं पाणी उल्हासला येतं. तुमच्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघरातला नळ त्याच्यावर चालणार आहे. नळ किती वेळ चालेल ते मात्र बिल्डरला विचारू नका. त्याच इमारतीच्या शेजारच्या, पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. मे महिन्यात टँकर किती येतात आणि कुणाच्या पैशाने येतात, हे त्याला तोंडपाठ असतं. भोगवटा प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय सामान हलवू नका, हेही याच ओघात सांगते. आमच्या बिल्डरने ते 'पुढच्या आठवड्यात' देतो म्हणून सांगितलं होतं. तो आठवडा सहा वर्षं चालला.

मे महिन्यावरून आठवलं, इथला पारा ४२-४३ ला जातो. मुंबईसारखा घाम येत नाही, नुसतं भाजतं. दुपारी दोनला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघून या. बदल्यात डिसेंबरात स्वेटर घालायला मिळतो. आणि काही रात्री खारवईच्या बाजूने एखाद्या कारखान्याचा वास येतो, तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या. हे मी घाईने सांगते, कारण यावर आम्हालाही अजून औषध सापडलेलं नाही.

आता मतदानाचं. २००१ च्या जनगणनेत या गावात लाखाच्या आत माणसं होती, २०११ ला एक लाख चौऱ्याहत्तर हजार. त्यानंतर मोजलंच नाही, पण सकाळी सातचा फलाट बघितला की मोजायची गरज वाटत नाही. एवढं गाव वाढलं आणि तरी नगरपरिषदेची निवडणूक २०१५ नंतर थेट डिसेंबर २०२५ ला झाली. मधली साडेपाच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. म्हणजे २०२० मध्ये राहायला आलेल्या माणसाने रस्त्यावरच्या दिव्यासाठी दार ठोठवावं असा आपल्या वॉर्डातला निवडून आलेला माणूस त्याला ठाऊकच नव्हता. पण त्याहून मला खटकतं ते वेगळंच. निवडणूक लागली तेव्हा आमच्या सोसायटीत मी यादी घेऊन फिरले. छत्तीस घरांपैकी अकरा घरांत कुणाचंच नाव इथे नव्हतं. कुणाचं घाटकोपरला, कुणाचं साताऱ्याला, कुणाचं चिपळूणला. "तिकडे बरं पडतं हो ताई." पाण्यासाठी मोर्चा काढायचा म्हटल्यावर सगळ्यात जोरात तेच बोलले होते.

मी त्यांना काय बोलणार? माझं नाव २००९ पर्यंत लालबागलाच होतं.

तर घर घेतलंत, किल्ली मिळाली, दूध उतू घातलंत, की त्याच महिन्यात फॉर्म ८ भरा. मतदार यादीतला पत्ता बदलायचा तोच अर्ज असतो. कल्याणला उतरायच्या आत मोबाइलवर भरून होतो.

निवृत्त झाल्यावर मी हे गाव हळूहळू बघायला लागले, पाहुण्यासारखी. इतकी वर्षं इथे काढून मला माहीत नव्हतं की श्याम जोशींनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' इथेच आहे. दुर्मीळ मराठी पुस्तकं, जुनी नियतकालिकं यांचा केवढा साठा, आणि त्यासाठी लोक लांबून इथे येतात! ते येत होते तेव्हा मी दादरला उतरून पुस्तकं शोधत होते. मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या मी पहिल्यांदा चढले त्या साठीला टेकताना, दोनदा बसून. वरून दिसतं तेव्हा कळतं की हे गाव डोंगरांच्या ओंजळीत आहे, आणि चंदेरीचा सुळका, जो मी गाडीतून रोज पाठमोरी बसून चुकवला, तो सगळीकडून आपल्याकडे बघत असतो. जूनमध्ये आदिवासी बायका डोक्यावर पाट्या घेऊन स्टेशनजवळ बसतात. आधी जांभळं (बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, तरी ती पानाच्या द्रोणातच मिळतात), मग शेवळं, मग कंटोळी, भारंगी, टाकळा. त्यांच्याशी घासाघीस करू नका. त्या वाडीहून अंधारात निघालेल्या असतात, आणि परतायला त्यांना गाडी नसते. त्यांची जंगलाची वाट दर वर्षी थोडी आणखी लांब होते, कारण अलीकडे आपल्या इमारती आल्या. तुमची येईल, माझी तर आलेलीच आहे.

हे मी तुम्हाला दटावण्यासाठी सांगत नाही. माझी मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. ती म्हणते, "आई, तिकडे ये, हॉस्पिटलं जवळ, सगळं जवळ." खरं आहे. मोठ्या दुखण्याला इथून अजूनही कल्याणकडे नाहीतर ठाण्याकडे धावावं लागतं, हेही विचारात घ्या, विशेषतः सासूबाई बरोबर असतील तर. पण मी जात नाही. खालच्या काकू आता एकोणऐंशीच्या आहेत. रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात, आणि दोन मजले चढून आल्या की दारातून ओरडतात, "खालची आली गं!"

एक राहिलं. एजंट तुम्हाला पूर्व की पश्चिम विचारेल. पूर्व म्हणजे कुळगाव, कात्रपची बाजू, बाजारपेठ, नदीपासून लांब. पश्चिम म्हणजे जुनं गाव, मांजर्ली, हेंद्रेपाडा, नदीची बाजू. पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं म्हणतात ते गाव हेच. या नावांवर जाऊन वास्तुशास्त्र मांडू नका. रेल्वे कल्याणला वळून आग्नेयेकडे निघते, पण तिच्या डाव्या हाताला मुंबईपासून 'पश्चिम' म्हणायची सवय, ती इथेही तशीच चालत आली. त्यामुळे आमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो. पश्चिमेला घर घेतलंत आणि पूररेषा नीट तपासलीत, तर रुळांच्या उलट्या बाजूची बाल्कनी मागा. सकाळचं ऊन तिकडूनच येतं, नदीवरून.

तुमची होऊ घातलेली शेजारीण,
मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)